पहिला एकट्याचा बॅकपॅक प्रवास : पूर्वतयारी (उदाहरण – कुंभकोणम, तमिळनाडू)

या पाठात काय शिकाल
१. एकट्याच्या प्रवासाची तयारी गटाच्या प्रवासापेक्षा वेगळी का असते.
२. पाठीवरच्या बॅगेचे वजन कसे ठरवावे आणि बॅग कशी भरावी.
३. फोन, पैसे, कागदपत्रे आणि गाडी यांना पर्याय कसा जोडावा.
४. परत कधी फिरायचे हे निघण्यापूर्वी कसे ठरवावे.

१. मूळ प्रश्न

चार मित्र सहलीला गेले की कितीतरी गोष्टी नकळत सांभाळल्या जातात. एकाचा फोन बंद पडला तर दुसऱ्याचा असतो. एक तिकीट काढायला गेला तर दुसरा बॅगांपाशी उभा राहतो. एकाला ताप आला तर दुसरा औषध आणतो. याला आपण तयारी म्हणत नाही, पण ती तयारीच असते. यंत्रशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक सोबती हा बाकीच्यांसाठी राखीव भाग असतो.

एकटे निघालात की हे सगळे राखीव भाग एकदम नाहीसे होतात आणि प्रवास एकखांबी तंबू होतो. म्हणून एकट्याने जाण्याची तयारी म्हणजे जास्त सामान घेणे नव्हे. कोणता खांब पडला तर तंबू कोसळेल ते ओळखून तिथे आधीच दुसरा खांब उभा करणे, ही खरी तयारी. पुढचा सगळा पाठ या एका वाक्याचा विस्तार आहे.

२. उदाहरणासाठी कुंभकोणम का?

कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातले, कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधले शहर आहे. पहिल्या एकट्याच्या प्रवासाला ते तीन कारणांनी सोयीचे आहे.

पहिले कारण, शहर आटोपशीर आहे. आदिकुंभेश्वर, सारंगपाणी, चक्रपाणी, रामस्वामी ही मंदिरे आणि महामहम तलाव पायी पाहता येतात. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण ज्या घरात गेले, ते सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचे घरही स्मारक म्हणून जपलेले आहे.

दुसरे कारण, आसपासची ठिकाणे वाढत्या अंतरावर आहेत. दारासुरम सुमारे ४ किमी, कांस्यमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेले स्वामीमलै सुमारे ८ किमी, गंगैकोंडचोळपुरम सुमारे ३५ किमी आणि तंजावर सुमारे ४० किमी. एकाच खोलीत चार-पाच रात्री राहून रोज थोडे लांब जाता येते. मोठी बॅग फक्त येताना आणि जाताना उचलावी लागते.

तिसरे कारण मराठी वाचकाचे आहे. तंजावरावर १८५५ पर्यंत भोसले घराण्याची सत्ता होती. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेख आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आहेत. परक्या भाषेच्या मुलखात आपली भाषा दगडावर वाचायला मिळणे हा वेगळा अनुभव आहे. मात्र या नात्यावर विसंबून भाषेची तयारी टाळू नका. रस्त्यावर आणि बसस्थानकावर तमिळच चालते.

३. ऋतू आणि तारीख

इथे महाराष्ट्राची सवय फसवते. आपला पावसाळा जूनमध्ये सुरू होतो. कावेरीच्या खालच्या भागातला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. म्हणजे सत्र संपल्यावर डिसेंबरच्या सुट्टीत निघणारा विद्यार्थी नेमका ओल्या दिवसांत पोहोचू शकतो. एप्रिल ते जून कडक उन्हाळा असतो. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा काळ चांगला. जानेवारीच्या मध्यात पोंगल असतो, तेव्हा गाड्या भरलेल्या असतात.

कुंभकोणमच्या परिसरात नवग्रहांची नऊ मंदिरे आहेत, त्यामुळे शनिवार-रविवारी आणि लग्नाच्या मुहूर्तांना लॉज भरतात. दर १२ वर्षांनी येणारा महामहम उत्सव २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे. त्या गर्दीत पहिला एकट्याचा प्रवास करू नये.

४. बॅग : वजनाचे गणित

एकट्याने फिरताना बॅग कुणाकडे सोपवता येत नाही. स्वच्छतागृहात जाताना, बसमध्ये चढताना, तिकिटाच्या रांगेत ती अंगावरच असते. म्हणून नियम साधा : शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत बॅग. तुमचे वजन ६० किलो असेल तर मर्यादा ६ किलो.

नमुना हिशेब (किलोमध्ये) :
रिकामी बॅग, ३५ ते ४० लिटरची – १.२
कपड्यांचे तीन जोड – १.६
टॉवेल आणि पातळ चादर – ०.६
अंघोळीचे साहित्य – ०.४
औषधे – ०.२
चार्जर आणि पॉवर बँक – ०.५
छत्री – ०.४
वही, कागदपत्रे, कुलूप – ०.३
एक लिटर पाणी – १.०
एकूण – ६.२

मर्यादा ०.२ ने ओलांडली. आता पाणी कमी करायचे नाही. जाड टॉवेलऐवजी पंचा घेतला की सुमारे ०.३ किलो वाचतात आणि बेरीज ५.९ होते. पंचा लवकर वाळतोही. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमची प्रत्येक वस्तू घरच्या काट्यावर तोला आणि आपला तक्ता करा.

आता बॅग भरणे. ६ किलो म्हणजे सुमारे ५९ न्यूटन भार. हा भार पाठीच्या कण्यापासून २० सेंमी अंतरावर असेल तर त्याचे आघूर्ण ५९ × ०.२ म्हणजे सुमारे ११.८ न्यूटन-मीटर होते. तोच भार १० सेंमीवर आणला तर ते निम्मे, ५.९ होते. वजन तेवढेच, पण मागे ओढणारा जोर अर्धा. म्हणून जड वस्तू पाठीला चिकटून आणि बॅगेच्या मधल्या उंचीवर ठेवा. कपडे खाली आणि बाहेरच्या बाजूला. कमरेचा पट्टा आवळल्यावर भाराचा मोठा भाग खांद्यांवरून कमरेवर उतरला पाहिजे.

कपडे निवडताना मंदिरांचा विचार करा. पूर्ण लांबीचे, सैल, सुती कपडे घ्या. अर्धी चड्डी चालत नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगडी फरशी तापते, म्हणून सहज काढता येतील अशा चपला आणि एक मोज्यांचा जोड ठेवा. बरीच मंदिरे दुपारी साधारण बारा-साडेबारापासून चारपर्यंत बंद असतात. तो वेळ जेवण, कपडे धुणे आणि विश्रांती यांचा समजा.

५. एकसर आणि समांतर जोडणी

विजेच्या दिव्यांची एकसर जोडणी आठवा. एक दिवा गेला की सगळे विझतात. समांतर जोडणीत एक गेला तरी बाकीचे चालू राहतात. प्रवासातल्या गोष्टी अशाच तपासा.

समजा पुण्याहून निघालात. चेन्नईपर्यंत रेल्वेने सुमारे ११०० किमी, तिथून कुंभकोणम सुमारे ३१० किमी. पहिली गाडी वेळेवर असणे, दुसरी गाडी मिळणे आणि खोली तयार असणे, या तीन गोष्टी एकसर आहेत. प्रत्येकीची संभाव्यता ०.९ धरली तर तिन्ही जुळण्याची संभाव्यता ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९. म्हणजे चारपैकी एका वेळी कुठेतरी अडणारच. उपाय असा : दोन गाड्यांमध्ये किमान सहा तास ठेवा, पहिल्या रात्रीची खोली फोन करून आधी ठरवा, आणि शक्यतो उजेड असताना पोहोचा. काही लॉज एकट्या व्यक्तीला खोली द्यायला कचरतात, म्हणून एकटे येत असल्याचे फोनवरच स्पष्ट सांगा. चेन्नईत सेंट्रल आणि एग्मोर ही वेगवेगळी स्थानके आहेत, तांबरमहूनही गाड्या सुटतात. दोन्ही तिकिटांवरचे स्थानकाचे नाव अक्षर अन् अक्षर वाचा. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. जाण्याचे आणि परतीचे, दोन्ही तिकिटे निश्चित झाल्याशिवाय निघू नका.

आता समांतर जोडणी. फोन निकामी होण्याची संभाव्यता ०.१ आणि कागदी वही हरवण्याचीही ०.१ धरली, तर दोन्ही एकदम जाण्याची ०.१ × ०.१ = ०.०१. पण हा गुणाकार तेव्हाच खरा, जेव्हा दोन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतात. फोन, वही आणि पाकीट एकाच छोट्या पिशवीत असतील, तर पिशवी गेली की तिन्ही गेले. कागदावर तीन खांब, प्रत्यक्षात एकच. नवखे प्रवासी पर्याय घेतात, पण ते वेगळे ठेवत नाहीत.

पैशाचेही तसेच. यूपीआय आणि एटीएम कार्ड दोन्ही एकाच बँकेच्या एकाच खात्याचे असतील, तर त्या बँकेची यंत्रणा बंद पडल्यावर दोन्ही थांबतात. म्हणून एका खात्याचे यूपीआय, शक्य असल्यास दुसऱ्या खात्याचे कार्ड, आणि रोख रक्कम दोन ठिकाणी विभागून ठेवा. राखीव रोख ही परतीचे भाडे, एका रात्रीची खोली आणि दोन दिवसांचे जेवण यांच्या बेरजेएवढी असावी. तिला रोजच्या खर्चात हात लावायचा नाही.

कुंभकोणममध्ये फोनची आणखी एक बाजू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या मंदिरांत मोबाइलला बंदी घालण्याचा आदेश दिला. त्यामुळे काही मंदिरांत फोन बाहेर जमा करावा लागू शकतो. नकाशा, पैसे, तिकीट आणि घरचे नंबर हे सगळे फोनमध्येच असेल, तर त्या अर्ध्या तासात तुमच्याकडे काहीच नसते. म्हणून खिशात एक कागद ठेवा : लॉजचे नाव, पत्ता आणि नंबर, घरचे दोन नंबर, रक्तगट, चालू औषधे. लॉजचा पत्ता तिथल्या व्यवस्थापकाकडून तमिळ लिपीतही लिहून घ्या. रिक्षावाल्याला तो दाखवला की उच्चाराचा प्रश्न मिटतो. ओळखपत्र मूळ स्वरूपात अंगावर, त्याची छायाप्रत बॅगेत.

६. भाषा : सहा शब्द

एवळवु? – किती?
एंगे? – कुठे?
तण्णी – पाणी
वेंडाम – नको
पोदुम – पुरे
नन्री – आभारी आहे

‘वेंडाम’ आणि ‘पोदुम’ हे दोन आधी पाठ करा. एकट्या माणसाला नाही म्हणता येणे फार महत्त्वाचे आहे, आणि मेसमध्ये केळीच्या पानावर भात वाढला जात असतानाही ते उपयोगी पडतात. बसवरच्या पाट्या बहुधा तमिळ लिपीत असतात, म्हणून गावाचे नाव घेऊन दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा आणि मगच चढा.

७. घरच्यांशी ठराव

“रोज फोन करत जा” हा ठराव नव्हे, ती इच्छा आहे. ठरावात वेळ आणि कृती असते. नमुना : रात्री ९ पर्यंत संदेश येईल. न आल्यास ९.३० ला फोन करावा. तो न लागल्यास १० ला लॉजवर फोन करावा. तिथेही पत्ता लागला नाही तर कुंभकोणमच्या पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. तुम्ही तिथे असताना ११२ लावलात तर मदत तिथली मिळते, पण घरच्यांनी महाराष्ट्रातून ११२ लावला तर तो महाराष्ट्रातच लागेल. म्हणून त्या ठाण्याचा नंबर घरी आधीच लिहून ठेवा. रेल्वेत अडचण आली तर १३९.

अशा ठरावाने घरच्यांची काळजी संपत नाही, पण तिला करायला काम मिळते. आणि तुम्हालाही दर तासाला उत्तर देत बसावे लागत नाही.

८. परतीची अट

आजारी किंवा घाबरलेल्या अवस्थेत माणूस नीट निर्णय घेत नाही. “आलोच आहोत तर पूर्ण करू” असे वाटते. म्हणून अटी घरी, शांतपणे लिहा : दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवून परत. राखीव रोख मोडावी लागली तर परत. मुक्कामाची जागा सुरक्षित वाटली नाही तर कारण शोधत न बसता त्याच दिवशी जागा बदलायची. अट लागू झाल्यावर परतणे म्हणजे हार नव्हे. फ्यूज वितळतो तेव्हा तो आपले काम करत असतो.

९. चाचणी आणि क्रम

नवे यंत्र थेट पूर्ण भारावर चालवत नाहीत. भरलेली बॅग घेऊन आधी घराजवळ ५ किमी चाला. मग महाराष्ट्रातच, पंढरपूर किंवा नाशिकसारख्या ठिकाणी, एकटे एक रात्र राहून या. तिथे भाषा ओळखीची असते, त्यामुळे फक्त एकटेपणाची परीक्षा होते. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे काय चुकते ते कळते.

कुंभकोणमलाही हाच क्रम ठेवा. पहिला दिवस विश्रांती आणि तलावापर्यंत फेरफटका. दुसरा दिवस शहरातली मंदिरे, पायी. तिसरा दिवस दारासुरम आणि स्वामीमलै. दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाच्या काळात बांधले गेले आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. चौथा दिवस तंजावर. पाचवा दिवस मोकळा ठेवा. गाडी चुकली, पाऊस लागला किंवा पोट बिघडले तर तोच उपयोगी पडतो, आणि सगळे सुरळीत झाले तर गंगैकोंडचोळपुरम पाहून होते.

स्वाध्याय
१. तुमच्या बॅगेतल्या प्रत्येक वस्तूचे वजन लिहा आणि १० टक्क्यांच्या मर्यादेशी तुलना करा.
२. तुमचा फोन सकाळी ११ वाजता हरवला असे समजा. रात्री ९ पर्यंत काय कराल, ते तासागणिक लिहा.
३. तुमचे कोणते दोन पर्याय एकाच कारणाने एकदम निकामी होऊ शकतात? ते वेगळे कसे कराल?
४. घरच्यांशी करायचा ठराव आणि परतीच्या तीन अटी लिहून घरातल्या एका व्यक्तीला वाचून दाखवा. तिने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्या आणि मगच तिकीट काढा.