नळी तुंबण्याआधी निरोप

लकवा मारलेले, प्रोस्टेटमुळे लघवी अडलेली, मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेले बुजुर्ग पुष्कळदा लघवीची नळी लावूनच दवाखान्यातून घरी येतात. नवापूर तालुक्यातल्या खांडबाऱ्यासारख्या गावी पुढची सारी मदार घरच्यांवर, बहुधा सुनेवर. रात्री दोनला थंडी वाजून ताप भरला, तर नंदुरबार गाठायचे की सुरत? सुरत-भुसावळ लोहमार्गावर गावाचे स्टेशन आहे खरे, पण गाडी रुग्णासाठी थांबून राहत नाही. अशा घराला सहा-आठ तास आधी इशारा मिळाला तरी फार मोठी गोष्ट.

विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरते तसा नळीच्या आत जंतूंचा चिकट थर धरतो. नळी असताना दर दिवशी साधारण 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू नव्याने येतात. महिनाभरात जवळजवळ सर्वांच्याच. त्यातला प्रोटिअस हा जंतू फार खोडकर. तो युरिया फोडून अमोनिया करतो, लघवीची आम्लता जाते आणि क्षारांचे कण साचून नळी तुंबते. मग लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते आणि जंतू रक्तात शिरू शकतात.

आम्लतेतला हा बदल आधी होतो, नळी नंतर तुंबते. संशोधकांनी नेमके हेच अंतर हेरले. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात डेव्हिड स्टिकलर यांनी पिवळ्याचा निळा होणारा दर्शक तयार केला. बाथ विद्यापीठाने 2016 मध्ये नळीला असा लेप दिला, की संसर्ग झाला की त्यातला रंग सुटून लघवीत उतरतो. प्रयोगशाळेत नळी तुंबण्याच्या सुमारे 12 तास आधी हा इशारा मिळाला. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात रेझा घोडसी यांचा गट विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने जंतूंचा थरच मोजतो.

वायरलेस सेन्सर ही याची पुढची पायरी. मेट्रोच्या कार्डात बॅटरी नसते, तरी यंत्राजवळ नेले की ते बोलते. तसाच सेन्सर नळीच्या जोडाशी बसवला, तर मोबाईल जवळ धरताच लघवीची स्थिती कळावी आणि ती दूरच्या डॉक्टरांनाही दिसावी, अशी ही कल्पना आहे. आपल्याकडच्या वॉर्डात हे अजून नेहमीचे झालेले नाही. आणि एक धोकाही आहे. लघवीत जंतू दिसले म्हणजे अँटिबायोटिक हवेच असे नाही. त्रास नसेल तर बहुतेकांना त्याची गरज नसते. सेन्सर वाजला की मेडिकलवरून गोळ्या आणल्या, असे झाले तर औषधाला न जुमानणारे जंतूच वाढतील.

नमाजी बुजुर्गांना आणखी एक बेचैनी असते: पिशवी लागलेली, मग तहारतचे काय? शरीअतमध्ये अशा व्यक्तीला माजूर मानून सवलत आहे. हनफी मसलकात प्रत्येक नमाजच्या वक्ताला ताजे वुजू करावे. सजद्यात पिशवी मूत्राशयाच्या वर गेली तर लघवी मागे वाहते, म्हणून खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज अदा करणे बरे. रोजा धरण्याआधी मात्र डॉक्टरांना जरूर विचारा, कारण पाणी कमी पडले की क्षार लवकर बसतात.

तोवर सेन्सरचे काम घरच्यांचे डोळेच करणार. पिशवी खाली टांगलेली, पण जमिनीला न टेकलेली असावी. ती रिकामी करण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. दोन-तीन तास पिशवीत थेंब आला नाही, हुडहुडी भरली, किंवा अब्बा अचानक असंबद्ध बोलू लागले, तर सकाळची वाट न पाहता निघावे. आणि दर खेपेला डॉक्टरांना विचारावे, की नळी आता काढता येईल का?