चालायला मदत करणारं यंत्र: जोरापेक्षा वेळ महत्त्वाची

पायाला बांधायचा रोबो म्हटलं की आपण आधी मोटरची ताकद विचारतो. पण 2015 मध्ये संशोधक स्टीव्ह कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या शोधपत्रिकेत घोट्यासाठी मांडलेल्या साधनात मोटर नव्हती, बॅटरीही नव्हती. पोटरीला समांतर एक स्प्रिंग आणि एक यांत्रिक क्लच, बस्स! तरी चालण्याची ऊर्जा सुमारे 7 टक्क्यांनी घटली. पाऊल टेकलेलं असताना स्प्रिंग पोटरीचा भार वाटून घेते, टाच उचलताना साठलेली ऊर्जा परत देते आणि पाय हवेत गेला की क्लच तिला मोकळं सोडतो. गंमत म्हणजे स्प्रिंग फार ताठ केली की फायदा नाहीसा होतो. जोर वाढवून भागत नाही, तो नेमक्या क्षणी लागतो. 2022 मध्ये स्टॅनफर्डच्या मोटरवाल्या बुटांनी प्रत्येकाच्या चालीनुसार हा क्षण जुळवला; साध्या बुटांच्या तुलनेत वेग 9 टक्के वाढला, तेवढ्याच अंतराची ऊर्जा 17 टक्के घटली.

यावर कोणी म्हणेल, कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या रुग्णाला या टक्केवारीचं काय? आक्षेप रास्त आहे. तिथे वेगळी, जड यंत्रं लागतात. अमेरिकेत 2014 मध्ये परवानगी मिळालेलं असंच ‘रीवॉक’ हे यंत्र घालूनही कुबड्या लागतातच. ते व्हीलचेअरची जागा घेत नाही. आणि टक्केवारीचा अर्थ तुलना कशाशी केली यावर ठरतो, म्हणून जाहिरातीतला आकडा दिसला की एवढं विचारा: तुलना साध्या बुटांशी केली, की तेच यंत्र बंद ठेवून?