कुंडीवरचा पांढरा थर व विहिरीचें पाणी

अलीकडे कित्येक बागाइतदारांच्या ओसरीवर वड, उंबर, चिंच, बोगनवेल यांचे वामनवृक्ष दिसूं लागले आहेत. जपानांत या कलेस 'बोन्साय' म्हणतात. या शब्दाचा अर्थच मुळीं 'तबकांतील लागवड' असा आहे. तेव्हां झाडाइतकाच कुंडीलाही त्यांत मान असतो. अशा कुंडीच्या कांठावर व बुडाशीं वर्षा-दोन वर्षांत पांढरा थर चढतो. कित्येक लोक तो कुरूप दिसतो म्हणून खरवडून काढतात, कांहीं जण तेल चोळून झांकतात, आणि सहा महिन्यांनीं तो पुन्हा दिसूं लागला म्हणजे कुंभारास दोष देतात. आमच्या मतें हा थर कुंडीचा दोष नसून पाण्याची साक्ष आहे. ज्या विहिरीचें पाणी कुंडींत पडतें तेंच पाटानें उसास व फळबागेस जात असतें. म्हणून थर कसा काढावा हें सांगतांनाच तो कसा ओळखावा हेंही येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

थर कसा बनतो.— पावसाचें पाणी जमिनींत मुरतांना मातींतील कार्बन डायॉक्साइड वायु शोषून घेतें व किंचित् आम्ल बनतें. असें पाणी चुनखडीच्या थरांतून गेलें म्हणजे तींतील चुना विरघळवून आपल्याबरोबर नेतें. पुढें तें तापलें किंवा उघड्यावर सुकूं लागलें, कीं तो वायु निघून जातो व विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन बसतो. न्हाणीघरांतील बंबाच्या आंत जें कठीण पांढरें किटण धरतें तें याच जातीचें होय. बिनझिलईची मातीची कुंडी सच्छिद्र असल्यामुळें तिच्या भिंतींतून ओल बाहेर झिरपते. वारा व ऊन ती ओल उडवून नेतात. परंतु पाणी उडतें, क्षार उडत नाहींत. ते जागच्या जागीं राहतात. त्यांत रासायनिक खतांचे उरलेले क्षारही मिसळतात.

हिशोब करून पाहिला म्हणजे ही गोष्ट मनावर चांगली ठसते. पाण्याच्या एका लिटरांत अर्धा ग्रॅम क्षार आहे व कुंडीस रोज एक लिटर पाणी लागतें असें धरूं. बुडाच्या भोंकांतून कांहींच वाहून गेलें नाहीं, तर वर्षाकांठीं १८० ग्रॅमांवर क्षार त्या चार ओंजळी मातींत साठेल. शेतांतील झाडाचीं मुळें खोल जाऊन चांगली माती शोधतात. वामनवृक्षास तशी सोय नाहीं. म्हणून शेतांत जें नुकसान दिसण्यास दहा-वीस वर्षें लागतात, तें कुंडींत दोन-तीन वर्षांतच दिसून येतें.

थराची जागा पाहावी.— थर सर्वच ठिकाणीं सारखा नसतो. कांठाच्या आंतल्या बाजूस, मातीच्या किंचित् वर पट्टा उमटला असेल, तर पाणी थोडें थोडें व वरच्यावर घातलें जात आहे, किंवा खत जास्त होत आहे असें समजावें. बुडाच्या भोंकाभोंवतीं व पायांपाशीं थर असेल, तर कुंडी ताटलींतील सांचलेल्या पाण्यांत उभी राहते. झिलईदार कुंडीवर थेंबाथेंबांचे डाग असतील, तर झारीचें पाणी अंगावर उडून वाळलें आहे. त्यापासून झाडास भय नाहीं. परंतु खोडाच्या बुंध्यावर व मातीवर पांढरी साय धरली असेल, शेवाळ करपलें असेल, पानांचीं टोंकें जळलीं असतील, किंवा कोवळीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील, तर दुखणें मुळांपर्यंत पोहोंचलें आहे. चुनखडीच्या जमिनींत लोह मुळांना मिळेनासें होऊन उसावर जो केवडा पडतो, त्यांतलाच हा प्रकार होय.

परीक्षा.— थर चाकूनें थोडा खरवडावा व त्याची भुकटी कांचेच्या पेल्यांत घालून तीवर पावसाचें पाणी ओतून ढवळावें. पाण्यांत विरघळून जाईल तो भाग मीठ, सोडा किंवा खतें यांच्या क्षारांचा. जो गाळ तळाशीं राहील त्यावरचें पाणी काढून टाकून त्याजवर थोडा शिरका म्हणजे व्हिनेगर घालावा. बुडबुडे फुटून गाळ विरून गेला तर तो चुना समजावा. शिरका आधीं व पाणी मागून, असा क्रम ठेवूं नये. कारण सोडाही शिरक्यानें फसफसतो व चुन्याचा भास होतो. हा भेद महत्त्वाचा आहे. चुन्याचा थर दिसण्यास वाईट, पण स्वभावानें सौम्य असतो; पाण्यांत विरघळणारा क्षार दिसण्यास हलका, परंतु मुळांस अधिक घातक असतो.

काढण्याची रीत.— विरघळणारा क्षार कोरड्या ब्रशानें झाडून नंतर साध्या पाण्यानें धुतला म्हणजे निघतो. चुन्यास आम्ल लागतें. बाजारी शिरक्यांत तितकेंच पाणी मिसळावें, किंवा एक लिटर पाण्यांत २५ ग्रॅम लिंबाचें सत्त्व विरघळवावें. कुंडी रिकामी असेल तर तिला आधीं साध्या पाण्यानें भिजवून घ्यावें, म्हणजे आम्ल भिंतींत फार खोल शिरत नाहीं. नंतर ती तासभर या पाण्यांत ठेवून नारळाच्या शेंडीनें घासावी. जाड थरास हेंच दोन-तीन वेळां करावें. एकदम तीव्र आम्ल वापरूं नये. शेवटीं कुंडी एक दिवस स्वच्छ पाण्यांत बुडवून ठेवावी व तें पाणी एकदोनदां बदलावें. हें काम माती पालटण्याच्या वेळीं केल्यास सर्वांत सोयीचें पडतें.

झाड कुंडींत असतां काम करावयाचें असेल, तर मातीवर मेणकापड नीट दाबून बसवावें, शिरक्यांत भिजवलेली चिंधी थराच्या पट्ट्यावर पंधरा-वीस मिनिटें गुंडाळून ठेवावी, व कुंडी किंचित् कलती करून घासावें, म्हणजे ओघळ मातींत न जातां बाहेर पडतात. मग भरपूर पाण्यानें धुवावें.

मीठाचें तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, कधींही वापरूं नये. कमी भाजलेल्या कुंडीच्या मातींत चुना असल्यास तें कुंडीच खातें व त्याची वाफ फुफ्फुसांस बाधते. कोणतेंही आम्ल ब्लीचिंग पावडरींत मिसळूं नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो. झिलईवर आम्लाचा प्रयोग आधीं बुडाखालीं, न दिसणाऱ्या जागीं करून पाहावा. आणखी एक सूचना जुन्या कुंड्यांच्या धन्यांस. जपानांतील तोकोनामे किंवा चीनमधील यीशिंग येथील जुन्या कुंड्यांवर वर्षानुवर्षांच्या हाताळण्यानें जी मऊ काळसर झांक येते, ती जाणत्यांच्या दृष्टीनें मोलाची असते. थर काढण्याच्या भरांत कुंडी घासून कोरी करूं नये. राहिलेली पुसट छटा तेलाच्या हलक्या बोटानें लपते. परंतु तेल हें थर काढण्यानंतरचें काम आहे, थराऐवजींचें नव्हे.

थर पुन्हा न येण्यासाठीं.— उत्तम उपाय पावसाच्या पाण्याचा. १०० चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारें २३० लिटर पाणी मिळतें. पहिल्या सरींचें पाणी सोडून देऊन बाकीचें झांकलेल्या टांकींत सांठवावें. तें पुरणार नसेल, तर विहिरीचें पाणी घालतांना एवढें घालावें कीं त्याचा निदान आठवा-दहावा भाग बुडांतून वाहून जावा; आणि महिन्यांतून एकदां, शक्य तर पावसाच्याच पाण्यानें, माती चांगली धुवून काढावी. ताटलींत पाणी तुंबूं देऊं नये. पाणी रात्रभर उघडें ठेवल्यानें नळाच्या पाण्यांतील क्लोरीन कमी होतो, चुना जात नाहीं. उकळल्यानें कांहीं चुना तळाशीं बसतो, इतर क्षार तसेच राहतात. मीठ घालून चालणाऱ्या यंत्रानें पाणी मऊ केलेलें असेल तर तें झाडास मुळींच घालूं नये. त्यांतील चुन्याची जागा सोडियमनें घेतलेली असते.

शेतास लागू पडणारी गोष्ट.— कुंडीचा हिशोब आतां एकरास लावून पाहूं. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारें १ लाख ३ हजार लिटर. वरच्याच पाण्यानें प्रत्येक इंचामागें जवळजवळ ५१ किलो क्षार शेतांत येतो. उसास वर्षांत ८० इंच पाणी दिलें, तर चार टनांवर क्षार आला. निचरा चांगला असल्यास पाऊस तो खालीं नेतो. निचरा नसल्यास तो उन्हाळ्यांत पृष्ठभागावर येतो, जसा कुंडीच्या कांठावर येतो. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींविषयीं १९१० मध्यें पत्रिका लिहिली. म्हणजे ही चिंता आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. चुना जमिनींत बसला म्हणजे पाण्यांत उरलेल्या सोडियमचें प्रमाण वाढतें. तें काळ्या मातीच्या कणांस चिकटून जमीन चोपण करतें. ठिबक संचाच्या तोट्या चुन्यानें बुजतात त्याचें मूळही हेंच.

जागतिक अन्न व शेती संघटनेच्या १९८५ च्या मार्गदर्शिकेंत लिटरास ४५० मिलिग्रॅमहून कमी क्षाराचें पाणी निर्वेध मानलें आहे, व २,००० च्या वरील पाण्यावर कडक निर्बंध सांगितले आहेत. आपलें पाणी कोठें बसतें हें नुसत्या थरावरून ठरत नाहीं. यासाठीं विहिरीचें पाणी एकदां उन्हाळ्याच्या अखेरीस व एकदां पावसाळ्यानंतर स्वच्छ बाटलींत भरून माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेंत द्यावें, आणि एकूण क्षारांबरोबर सोडियमचें प्रमाणही मागावें. ओसरीवरील कुंडी पांढरी झाली तर ती शिरक्यानें धुतां येते. शेत पांढरें पडलें तर चर खोदून, जिप्सम टाकून व वर्षानुवर्षें खर्च करूनच तें पुन्हा वहितीस आणावें लागतें. म्हणून कुंडीनें दिलेली सूचना वेळींच ऐकावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.