वाकलेला पंखा आणि न दिसणारी भेग



मालवणच्या किनाऱ्यावर इंजिनाच्या होडीचा पंखा खडकावर आदळला, की वाकलेलं पातं सगळ्यांनाच दिसतं. पण जाणता मिस्त्री आतला दांडाही तपासतो. कारण धक्का पात्यावर थांबत नाही. तो दांड्यावाटे आत जातो.

चिपीला २०२१ साली विमानतळ सुरू झाल्यापासून आपल्याकडे विमानाचं नवल राहिलेलं नाही. पण एका इंजिनाच्या लहान विमानाचा पंखा बहुधा थेट इंजिनाच्या मुख्य दांड्यालाच जोडलेला असतो. उतरताना पुढचं चाक मोडलं आणि फिरता पंखा जमिनीला लागला, तर नुसता पंखा बदलून भागत नाही. इंजिन उघडावं लागतं. दांड्याला चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाची बारीक पूड मिसळलेलं तेल ओततात. जिथे भेग असेल, तिथे पुडीची रेघ उमटते. ही भेग राहून गेली, तर दांडा आकाशात तुटेल; आणि तिथे होडीसारखं वल्हं मारून किनारा गाठता येत नाही.

आता सुधारणेचं पाहू. १९०३ साली अमेरिकेत किटी हॉकच्या वाळूच्या किनाऱ्यावर राइट बंधूंच्या विमानाचे पंख्याचे पोकळ दांडे इंजिनाच्या हिसक्यांनी बिघडले. त्यांनी अधिक जाड नळीचे दांडे करून आणले. २८ नोव्हेंबरला त्यांतही भेग सापडली! मग त्यांनी कारणाचाच विचार केला. दांड्यांत ताकद पुष्कळ होती, पण हिसका सोसायला लवचीकपणा नव्हता. वादळात पोफळ लवते म्हणून टिकते, तसंच हे. ऑर्व्हिल गावी गेला आणि कमी जाडीचे, पण भरीव पोलादी दांडे घेऊन ११ डिसेंबरला परतला. १७ डिसेंबरला विमान उडालं. पहिलं उड्डाण अवघं १२ सेकंदांचं, पण त्या दिवशीचं चौथं ५९ सेकंदांचं झालं.

गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. करवतीच्या जुन्या पात्याला चुंबकत्व द्यावं, ते जपून मोडावं आणि दोन्ही तुकडे जुळवून वर कागद ठेवावा. कागदावर लोखंडाचा कीस भुरभुरला, की टोकांप्रमाणे सांध्यापाशीही कीस गोळा होतो. डोळ्यांना चुकवणारी फट अशी पकडता येते.

तेव्हा मोडलेलं बदलण्याआधी ते का मोडलं, हे विचारावं. यंत्र विमानाचं असो, होडीचं असो की विहिरीवरच्या पंपाचं, खरी दुरुस्ती तिथूनच सुरू होते.