विश्लेषण : भूकंपाने तडकलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी कंत्राटदाराकडून कोटेशन कसे मागवावे?

डहाणू-तलासरी पट्ट्यात घराची दुरुस्ती म्हणजे नुसती रंगरंगोटी नाही. तीन कंत्राटदार एकाच घराचे तीन वेगळे आकडे सांगतात, तेव्हा नेमके काय तपासायचे?

या भागात हा प्रश्न वेगळा का आहे?

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चार रिश्टरहून मोठा धक्का बसला. धुंदलवाडी परिसरातील अनेक कुटुंबांनी त्या हिवाळ्यात रात्री घराबाहेर काढल्या. एरवी असा मध्यम धक्का पक्क्या घराला फारसे काही करत नाही. पण तेच घर पुन्हा पुन्हा हादरले की आधीची बारीक भेग रुंदावत जाते. वारली कुटुंबांची जुनी कुडाची घरे कारवीच्या काठ्यांवर माती-शेणाचा लेप देऊन उभी केलेली असतात. ती हलकी व लवचीक असल्याने धक्का बऱ्यापैकी सोसतात. खरी अडचण आहे ती विटांच्या भिंती उभ्या केल्या, पण त्यांना एकत्र बांधणारा काँक्रीटचा पट्टा दिला नाही, अशा घरांची.

कोटेशन मागण्याआधी काय करावे?

सर्वात आधी भेगांची नोंद करावी. प्रत्येक भेगेशेजारी मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढावा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. महिन्याभरात भेग खुणेच्या पुढे गेली, तर ती वाढते आहे हे कळते. भेग दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेली असेल, भिंतीच्या आरपार दिसत असेल, पाच मिलिमीटरहून रुंद असेल किंवा कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या असतील, तर कंत्राटदाराच्या आधी स्थापत्य अभियंत्याला घर दाखवावे. त्याने दिलेली कामांची यादी हाच कोटेशनचा पाया. अभियंता नसेल, तर यादी स्वतः करावी, मात्र ती कागदावर हवी. सर्व कंत्राटदारांना एकच यादी दिली, तरच त्यांच्या आकड्यांची तुलना करता येते.

भेग बुजवणे आणि घर मजबूत करणे यात फरक काय?

कोटेशनांतील मोठी तफावत बहुतेक वेळा इथेच असते. भेगेत सिमेंट भरून वर गिलावा केला की भिंत नवी दिसते, पण पुढच्या धक्क्यात ती तिथेच उघडू शकते. मजबुतीकरणात दार-खिडक्यांच्या वरच्या पातळीला आणि छताच्या खालच्या पातळीला, सर्व भिंतींवरून सलग, वेल्डेड जाळीचा पट्टा बसवून त्यावर सिमेंटचा थर देतात. कोपऱ्यांत उभ्या सळया टाकतात. कौले किंवा पत्रे पेलणारा सांगाडा भिंतींना घट्ट बांधतात. चारही भिंती एखाद्या पेटीसारख्या एकत्र हलाव्यात, हा यामागचा हेतू. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात हजारो घरांचे असे मजबुतीकरण झाले. दुरुस्ती व मजबुतीकरणासाठी आयएस १३९३५ हे भारतीय मानक आहे. कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख करायला सांगावे.

स्वस्त कोटेशनमध्ये अनेकदा वगळलेली असते ती जाळी आणि सळई. गिलाव्याखाली गेल्यावर ती दिसतच नाही. म्हणून ‘भिंत दुरुस्ती’ एवढे दोन शब्द पुरेसे नाहीत. कुठल्या भिंतीवर, किती फूट, कोणती जाळी आणि किती जाडीचा गिलावा, हे सगळे लिहिलेले हवे.

दर कसे मोजतात?

समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. यातील आकडे बाजारभाव नाहीत. १२ बाय १० फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या खोलीच्या आतील भिंती ४४० चौरस फूट, म्हणजे ४.४ ब्रास भरतात. पहिला कंत्राटदार ठोक ६० हजार सांगतो. दुसरा साहित्यासह चौरस फुटाला १३० रुपये सांगतो, त्याचे होतात ५७,२००. तिसरा फक्त मजुरीचे ७० रुपये सांगतो, म्हणजे ३०,८००. तिसरा निम्म्यात करतो असे वाटते. पण साहित्य घरमालकाने आणायचे आहे. ते २८ हजारांचे आले, तर त्याचे काम ५८,८०० वर जाते. आता दुसऱ्याने दार-खिडकीचे ३३ चौरस फूट वजा केले, तर त्याचा आकडा ५२,९१० वर येतो. म्हणून उघाडे वजा होणार की नाही, हे आधीच लिहून घ्यावे. सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूचीही ताडून पाहण्यासाठी उपयोगी आहे. ती सरकारी कामांसाठी असली, तरी एखादा दर अवाच्या सवा आहे का, याचा अंदाज त्यातून येतो.

कोटेशनमध्ये आणखी काय असावे?

सिमेंटचा प्रकार, सळईची जाडी आणि तिच्यावरचा आयएसआय शिक्का. वाळू कुठली, हेही विचारावे. किनाऱ्याजवळच्या खारट वाळूतील क्षार सळई गंजवतात. नदीची वाळू किंवा एम-सँड म्हणून मिळणारी कृत्रिम वाळू वापरणार, असे नमूद करून घ्यावे. नव्या गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारावे लागते. उन्हाळ्यात पाड्यांवर पिण्याच्याच पाण्याची टंचाई असते. त्यामुळे टँकरचा खर्च कोणाचा, हे न ठरल्यास काम मधेच अडते. मलबा कोण उचलणार, जीएसटी दरात धरला आहे की वेगळा, काम किती दिवसांत संपणार आणि कोटेशन किती दिवस ग्राह्य, याही नोंदी हव्यात.

पैसे केव्हा द्यावेत?

एकदम मोठी उचल देऊ नये. साहित्य घरी आल्यावर एक हप्ता, जाळी-सळई बसल्यावर दुसरा, गिलावा झाल्यावर तिसरा आणि काही रक्कम काम पाहून शेवटी, असे टप्पे पाडावेत. दुसरा टप्पा सर्वात महत्त्वाचा. जाळी-सळईचे फोटो काढल्याशिवाय गिलावा सुरू करू देऊ नये, ही अट लिहूनच ठेवावी. गिलाव्याखाली काय आहे याचा पुरावा पुढे हाच राहतो. पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत. रोख दिल्यास सहीची पावती घ्यावी.

काम फसले तर दाद कुठे?

पैसे घेऊन केलेले घरबांधणीचे काम ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ‘सेवा’ आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यातून मार्ग न निघाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. सीमेवरच्या तलासरीसाठी यातली एक तरतूद कामाची आहे. ग्राहक जिथे राहतो, तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते. कंत्राटदार उंबरगाव किंवा वापीचा असला, तरी त्यासाठी गुजरातेत खेटे घालावे लागत नाहीत. मात्र आयोगासमोर तोंडी बोलणे टिकत नाही. तिथे कामाची यादी, सही केलेले कोटेशन, पावत्या आणि गिलाव्याआधीचे फोटोच कामी येतात.