रमजान, गोवर आणि सोमाली आया

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात २०१७चा रमजान आला तो गोवराच्या साथीत. राज्यातील मिनियापोलिस शहरात १९९१च्या यादवीनंतर देश सोडलेली हजारो सोमाली कुटुंबे राहतात. दवाखाने जवळ होते, मुलांना लस मिळत होती. तरीही साथीत ७५ जणांना गोवर झाला. त्यांत बहुतेक लस न घेतलेली सोमाली मुले होती.

पूर्वी असे नव्हते. २००४ मध्ये राज्यातील दोन वर्षांच्या ९२ टक्के सोमाली मुलांना ही लस मिळालेली होती. २०१४ मध्ये प्रमाण ४२ टक्क्यांवर आले.

मधल्या काळात काय झाले? २००८च्या सुमारास आयांना जाणवू लागले, की आपल्या मुलांत ऑटिझम फार दिसतो. मूल बोलत नाही, नजरेला नजर देत नाही. सोमाली भाषेत या अवस्थेला रुळलेला शब्दही नव्हता. असे का होते, याचे खात्रीचे उत्तर डॉक्टरांकडेही नव्हते. लसविरोधकांकडे मात्र उत्तर तयार होते. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफील्ड स्वतः इथे येऊन पालकांना भेटला. त्याचा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला होता, ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून त्याची नोंदणीही रद्द झाली होती. पण भीती घरोघरी पोचलीच. या आयांना अडाणी म्हणणे सोपे आहे. त्यांचा प्रश्न खरा होता. बसून ऐकून घ्यायला आलेला माणूस चुकीचा होता.

साथ पसरल्यावर सोमाली आरोग्यसेवक आणि मशिदींचे इमाम पुढे आले. आपल्या भाषेत, ओळखीच्या माणसाकडून समजल्यावर अनेकांनी मुलांना लस दिली. रमजान मेअखेरीस सुरू झाला. तरावीह, म्हणजे रात्रीची लांब नमाज, खांद्याला खांदा लावून होते. गोवराचे विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. लसीच्या सुईने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात; आणि ज्यांना लस द्यायची, त्या चिमुकल्यांना रोजा कुठला!

ऑगस्टमध्ये साथ संपल्याचे जाहीर झाले. कोणी दगावले नाही. पण भीती पुरती गेली नव्हती. २०२४ मध्ये मिनेसोटात गोवर पुन्हा पसरला, आणि पुन्हा लस न घेतलेल्या सोमाली मुलांतच अधिक.