हमीपत्रावर सही केली म्हणजे कावीळही मान्य केली?

बारावी झाली की बीड जिल्ह्यातल्या तलवाड्याची पोरं पांगतात. कोणी गेवराई-बीडला, बरीचशी छत्रपती संभाजीनगरला, नीट नाहीतर एमपीएससीच्या मागे लागलेली लातूर-पुण्याला. दिवाळीला परततात तेव्हा एखाद्याचे डोळे पिवळे झालेले असतात. बाप होस्टेलला फोन लावतो. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं : "आरोग्याची जबाबदारी विद्यार्थ्याची, असं हमीपत्रात लिहिलंय. सही आहे तुमची." बाप फोन ठेवतो, उसनवारी करून दवाखान्याचं बिल भरतो आणि शेजाऱ्याला सांगतो, "आता काय करता, सही केलीय."

या "सही केलीय"चा आता उबग आला आहे. शिकलेली माणसंही हेच सांगतात. वकिलाच्या ओट्यावर बसणारेसुद्धा.

तर नीट समजून घेऊ. होस्टेलचं हमीपत्र पूर्ण निरर्थक नसतं. रात्री किती वाजता परतायचं, फी कधी भरायची, खिडकीची काच फोडली तर भरपाई कोणी द्यायची, रॅगिंग करणार नाही, या गोष्टी त्या कागदाने बांधता येतात. पण "टाकी आम्ही धुणार नाही आणि तू आजारी पडलास तर विचारायचं नाही" असा अर्थ त्यातून काढायचा असेल, तर भारतीय करार कायदा 1872 आडवा येतो. कलम 23 प्रमाणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार बेकायदेशीर ठरतो. कलम 28 प्रमाणे करारातल्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याचा मार्गच बंद करणारी अट शून्य असते. ज्याच्यापुढे सही करण्यावाचून दुसरा पर्याय नव्हता, त्याच्यावर लादलेल्या अन्यायकारक अटी न्यायालय मोडू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट प्रकरणात सांगितलं. ते प्रकरण नोकरीच्या कराराचं होतं, हे खरं. पण ऑगस्टमध्ये ट्रंक घेऊन दारात उभ्या असलेल्या पोराकडे तरी दुसरा पर्याय कुठे असतो?

आणि पोरगा अकरावी-बारावीचा असेल तर? अठरा पूर्ण नसलेल्याने केलेला करार मुळातच शून्य. प्रिव्ही कौन्सिलने हे 1903 मध्येच ठरवून टाकलंय. तरीही ज्युनिअर कॉलेजची मुलं "मी सही केली होती" म्हणून मान खाली घालतात.

शिवाय काही कर्तव्यं करारातून येतच नाहीत, ती कायद्याने लादलेली असतात. पैसे घेऊन जेवण देणाऱ्या मेसला अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याच कायद्याच्या कलम 65 नुसार असुरक्षित अन्नाने इजा झाली तर भरपाई ठरलेली आहे : मृत्यू झाल्यास किमान 5 लाख, गंभीर इजेला 3 लाखांपर्यंत, इतर इजेला 1 लाखापर्यंत. निष्काळजीपणाने दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली गुन्हा आहे, आणि जीवघेणा संसर्ग पसरेल असं निष्काळजी कृत्य कलम 271 खाली. गुन्ह्याची माफी रेक्टरच्या छापील फॉर्मवर मिळत नसते.

आता दुसरं पालुपद. "पोरगं घरी गेल्यावर आजारी पडलं, म्हणजे पाणी घरचंच खराब." हे सांगणाऱ्याला काविळीचं गणित ठाऊक नसतं, किंवा नको असतं. हिपॅटायटिस एचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला 15 ते 50 दिवस लागतात, सरासरी महिनाभर. टायफॉईडला एक ते तीन आठवडे. तलवाड्यात दिवाळीच्या फराळाबरोबर उतरलेली कावीळ नवरात्रातल्या होस्टेलच्या पाण्याची असू शकते. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं, तेव्हाही हेच लक्षात आलं : पोटाचा संसर्ग आधी, हातापायातली ताकद जाते ती नंतर.

म्हणून सहीपेक्षा पुरावा मोठा. आणि पुरावा पंधरवड्यात नाहीसा होतो, कारण तक्रार आली की पहिलं काम होतं टाकी धुण्याचं. त्याआधी झाकण नसलेल्या टाकीचा, आतल्या शेवाळाचा, संडासाला खेटून गेलेल्या पाइपचा तारखेसह फोटो काढा. गावात जलसुरक्षक क्लोरीन तपासायला नळीत ओटीचे थेंब टाकून पाणी पिवळं होतं का बघतो, तीच चाचणी होस्टेलच्या नळालाही करता येते. पिवळं झालं नाही तर क्लोरीन नाही. जंतूंसाठी मात्र निर्जंतुक बाटलीतला नमुना थंड ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावा लागतो. तो स्वतः बिसलेरीच्या बाटलीत भरून नेऊ नका. आरोग्य अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, नमुना त्यांना घेऊ द्या, पोच घ्या. केसपेपरवर "ताप, उलट्या" एवढंच नको. रक्ताचा रिपोर्ट आणि निदान हवं. एकाच मजल्यावरच्या पाच जणांचे केसपेपर एकत्र आले, तर "तुझीच प्रकृती नाजूक" म्हणणाऱ्याचं तोंड बंद होतं.

दाद कुठे मागायची, इथे मात्र सरसकट उत्तर देणारा माणूस फसवतोय असं समजा. खासगी होस्टेल, पीजी, कॉट बेसिसची खोली, बाहेरची मेस यांच्यासाठी ग्राहक आयोग सरळ मार्ग आहे; ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये राहण्या-जेवण्याची सोय "सेवा" म्हणून लिहिलेलीच आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. पुण्याच्या पीजीविरुद्ध तलवाड्याचा मुलगा बीडच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो.

कॉलेजच्या स्वतःच्या होस्टेलचं तसं नाही. राष्ट्रीय आयोगाने जानेवारी 2020 मध्ये शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याबाहेर ठेवल्या, सहलींसारखे उपक्रमसुद्धा. त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. पण त्याच सर्वोच्च न्यायालयाने पुढे बंगळुरूच्या एका शाळेच्या सहलीत मेंदूज्वर होऊन आयुष्यभराचं नुकसान झालेल्या मुलीची सुमारे 88 लाख 73 हजारांची भरपाई पुन्हा बहाल केली, आणि ते प्रकरण ग्राहक आयोगातूनच वर गेलेलं होतं. तेव्हा दार बंद आहे असं नाही, पण वकिलाला विचारून जा. तोवर यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज द्या. माहितीपुस्तिकेत कबूल केलेल्या सोयी न देणं ही त्या नियमांत तक्रार आहे. समितीने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान नसेल तर 15 दिवसांत त्याच नियमांतल्या लोकपालाकडे अपील. इथून नुकसानभरपाईची आशा धरू नका, टाकी दुरुस्त होण्याची धरा.

"शासकीय वसतिगृहात फुकट राहतोस, तक्रार कसली करतोस?" हे ऊसतोड कामगारांच्या मुलांना हमखास ऐकावं लागतं. पैसे दिले नाहीत म्हणून ग्राहक आयोग नाही, एवढंच खरं. संत भगवानबाबा योजनेतलं असो की समाजकल्याणचं, तिथे राहणं हा उपकार नाही. राज्य मानवी हक्क आयोगाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, घटनेपासून एका वर्षाच्या आत. उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आहेच. टाकी कधी धुतली, पाणी कधी तपासलं, याची नोंदवही 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने मागता येते. आणि "निधी नाही" हे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात फेटाळलंय. उघड्या गटारांच्या त्या खटल्यात वापरलेला दंडाधिकाऱ्यांचा उपद्रव हटवण्याचा अधिकार आज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे.

बाकीचे किरकोळ. "गुन्हा पुण्यात घडला, तर पुण्यातच जावं लागतं" : नाही, तलवाडा पोलीस ठाण्यातही झिरो एफआयआर नोंदवता येतो. "फिर्याद दिली की भरपाई मिळते" : नाही, तिची वाट वेगळी. "आधी होस्टेल सोडावं लागतं" : असं कुठल्याही कायद्यात नाही.

"वकील परवडत नाही" ही तक्रार खरी, पण त्यावर उपाय आहे. मुली, अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी आणि अठराखालची मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर. बीडच्या जिल्हा न्यायालयात कार्यालय आहे, फोन 15100.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं. ती आजाराची बिलं फेडण्यात घालवू नका. या आठवड्यात केसपेपरच्या प्रती काढा आणि होस्टेलला लेखी पत्र द्या, पोचेसह.